वाइल्डकॅट काडतूस भरताना पुंगळीवर किती विसंबायचं?

डोंगरवाट (कोलोरॅडो)

मी काडतुसं घरी भरतो. गेल्या महिन्यात माझ्या .35 व्हेलेन ॲक्ली इम्प्रूव्ह्ड रायफलमध्ये पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बुडाजवळ तुटली. बोल्ट मागे ओढला तर बाहेर फक्त बूड आलं, वरचं नळकांडं चेंबरमध्येच, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीतच, राहिलं. चष्म्याच्या उजव्या काचेवर पितळेचे कण रुतून बसलेत. चष्मा नसता तर ते कुठे गेले असते हे डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: .30-06 ची पुंगळी तोंडाशी रुंदावून त्यात .358 इंची गोळी बसवली की व्हेलेन तयार होतं. 1922 चं काडतूस, नाव कर्नल टाउनसेंड व्हेलेन यांचं. रेमिंग्टनने ते कारखान्यात बनवायला घेतलं 1988 मध्ये. तोपर्यंत ते वाइल्डकॅट होतं, म्हणजे हौशी लोकांनी आणि गनस्मिथांनी आपापल्या हिमतीवर चालवलेलं. गनस्मिथ पी. ओ. ॲक्ली यांच्या पद्धतीत त्याच पुंगळीचा निमुळतेपणा जवळजवळ काढून टाकतात आणि खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, 40 अंशांचा करतात. साध्या व्हेलेनला सामी या अमेरिकी मानक संस्थेची 62,000 पीएसआय (चौरस इंचावर पौंड) ही दाबाची मर्यादा आहे. ॲक्ली रूपाला तशी ठरलेली मर्यादा नाही. ज्याची रायफल, त्याची जबाबदारी.

माझं म्हणणं एवढंच. प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) चपटा झाला का, बोल्ट जड उठतो का, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळ्याचा) ठसा उमटला का, ही लक्षणं बघत दारू वाढवायची पद्धत या पुंगळीला लागू पडत नाही. भिंती सरळ असल्यामुळे पुंगळी चेंबरला घट्ट धरते, बोल्टवर मागे येणारा जोर कमी पडतो. ॲक्ली स्वतः हा या आकाराचा फायदा सांगत. पण त्याच फायद्यामुळे इशारा उशिरा मिळतो. माझे प्रायमर शेवटपर्यंत गोल होते. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, मात्र 225 ग्रेन वजनाच्या गोळीला सेकंदाला 2,790 फूट दाखवत होता आणि मी खूश होतो.

ॲक्लींच्या पुंगळीत माझ्या मापाने सुमारे 6 टक्के जास्त पाणी मावतं, म्हणजे दारूला तेवढी जागा जास्त. जागा जितकी वाढते त्याच्या चौथ्या हिश्शाने वेग वाढतो, हा जुना हिशेब आहे. म्हणजे दीड टक्का. साध्या व्हेलेनच्या 2,600 वर 39 फूट. मला दीडशेहून जास्त मिळत होते. ते आले कुठून? दाबातून. म्हणून वाइल्डकॅट भरणाऱ्याने आधी हा हिशेब करावा आणि त्या वेगाला पोचलं की थांबावं, पुंगळी कितीही स्वच्छ दिसली तरी.

मोंटानाचे काका

डोंगरवाट, तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पण निदान चुकलं आहे. बुडाजवळ पुंगळी तुटते ती बहुतेक वेळा हेडस्पेसमुळे (चेंबरमध्ये काडतुसाला मागे-पुढे सुटलेल्या जागेमुळे), जास्त दारूमुळे नव्हे. ॲक्ली चेंबर नीट कापायचं तर आधी नळी थोडी मागे घ्यावी लागते, म्हणजे साधं काडतूस मानेच्या मुळाशी चार हजारांश इंच घट्ट बसतं. बोल्ट लावताना तो अडथळा हाताला जाणवला पाहिजे. तुमच्या रायफलीत जाणवत होता का?

आणि पुंगळी बोलत नाही असं म्हणू नका. मी 31 वर्षं भरतो आहे. पेपरक्लिपचं टोक नखाएवढं वाकवायचं, पुंगळीत घालायचं आणि भिंतीला टेकवून बुडाकडून वर ओढायचं. भिंत पातळ झाली असेल तिथे टोक अडखळतं. बाहेरून त्याच जागी चकाकती कडी दिसते. अशी पुंगळी मी तिथल्या तिथे पक्कडीने चेपतो, म्हणजे चुकूनही पुन्हा हाताशी येत नाही. तुम्ही पुंगळीला चुकीचा प्रश्न विचारलात.

क्रोनोग्राफवर माझा तुमच्याइतका विश्वास नाही. एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या दोन नळ्यांमध्ये 60-70 फुटांचा फरक मी स्वतः मोजला आहे. नळी जलद असेल तर तुमचा हिशेब उगाच घाबरवेल. नळी मंद असेल तर तोच हिशेब दाब मर्यादेपार नेईल आणि तुम्ही म्हणाल, अजून वेग कुठे आला!

डोंगरवाट

काका, अडथळा जाणवत नव्हता. रायफल जुनी घेतलेली. आधीच्या मालकाच्या गनस्मिथाने नळी मागे न घेताच रीमर (चेंबर कापायचं हत्यार) फिरवला होता, हे आता गेज लावल्यावर कळलं. तेव्हा पुंगळी तुटली ती हेडस्पेसने, हे मान्य. पेपरक्लिप मी कधी लावली नव्हती. हीसुद्धा माझीच चूक.

पण 2,790 चं काय? हेडस्पेसने वेग वाढत नाही. दोन चुका एकाच रायफलीत होत्या. एक तुमच्या पेपरक्लिपने पकडली असती, दुसरी पकडली नसती. मंद नळीचा मुद्दा मात्र मला सुचला नव्हता, त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

ह्यूस्टनकर

मी नळीवर चेंबरच्या जागी स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते टिपणारी पट्टी) चिकटवून दाब मोजतो. माझं .338-06 ॲक्ली आहे. गेज आकडा देतं, पण तो आकडा कशाशी ताडायचा? एरवी ज्या काडतुसाचा दाब माहीत आहे असं कारखान्याचं काडतूस उडवून गेज जुळवतात. ॲक्ली चेंबरमध्ये ते उडवलं तर काही जोर पुंगळी फुगवण्यात जातो, म्हणून ताळा बिघडतो. तरी दारू वाढवताना रेघ कुठे एकदम चढायला लागते ते स्पष्ट दिसतं, आणि बऱ्याच वेळा त्या जागी प्रायमर अगदी निरोगी असतो. काका, या एका बाबतीत मी डोंगरवाटच्या बाजूने आहे.

आणखी एक. नावात 4350 असलेल्या तीन ब्रँडच्या तीन दारू आहेत आणि त्या एक नाहीत. पुंगळीची कंपनी बदलली की आतली जागा बदलते, लष्करी पुंगळी सहसा जाड असते. कुणाचाही आकडा जशाचा तसा उचलू नका. म्हणूनच मी माझा इथे लिहीत नाही.

रानजाई

मला मुळातच हे पटत नाही. 39 फुटांसाठी एवढं? एल्कला, त्या मोठ्या हरणाला, तो फरक कळणार आहे का? साधं व्हेलेन आहे, 1958 पासून .338 विंचेस्टर मॅग्नम आहे, दोन्हींची तपासलेली माहिती छापील मिळते. माझा नवरा तुमच्यासारखाच रात्री गॅरेजमध्ये काट्यावर दारू तोलत बसतो. मला त्याचे डोळे हवे आहेत.

मोंटानाचे काका

ताई, तुमची काळजी खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण .22-250, .25-06 आणि हे व्हेलेन ही सगळी अशाच गॅरेजांतून आलेली काडतुसं आहेत. कुणी तरी आधी सावकाश, काळजीने भरली म्हणून आज छापील माहिती आहे. त्यांना चष्मा घालून बसायला सांगा आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायला सांगा.

वैदर्भी (नागपूर)

आमच्याकडे 1972 च्या कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, मी फक्त जुन्या रायफलींचा अभ्यास करते. तुमच्या चर्चेत ऊन कुठेच आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. इंग्रजांची कॉर्डाइट दारू उन्हात तापली की दाब चढायचा, पुंगळी चेंबरमध्ये चिकटायची. वाघ समोर असताना ती निघाली नाही तर काय! म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसं निघत, आणि 1911 चं .416 रिग्बी मुद्दाम एवढ्या मोठ्या पुंगळीचं केलं की दाब मुळातच खाली राहावा. तुम्ही भार ठरवला तो दिवस किती तापमानाचा होता?

डोंगरवाट

वैदर्भीताई, वही काढून बघितली. भार ठरवला मार्चमध्ये, बर्फ होता. पुंगळी तुटली त्या दिवशी काडतुसांचा डबा दुपारभर ट्रकच्या डॅशबोर्डवर उन्हात होता. वहीत तापमानाचा रकानाच नाही.

नळी मागे घ्यायला रायफल दुसऱ्या गनस्मिथाकडे दिली आहे. आली की कोऱ्या पुंगळ्यांपासून सुरुवात करणार: .30-06 ची मान .375 पर्यंत रुंदावून परत .358 वर आणायची, म्हणजे मानेवर खोटा खांदा राहतो आणि पहिल्या बारापासून पुंगळी मागे घट्ट टेकते. पण साधं कारखान्याचं व्हेलेन याच नळीतून किती वेग देतं ते आधी मोजीन. काका, मंद नळीला बहुधा हेच उत्तर आहे, पण तुम्हाला त्यात खोट दिसली तर सांगा.

मोंटानाचे काका

खोट एकच. ह्यूस्टनकर म्हणाले तसं, ते काडतूस तुमच्या चेंबरमध्ये फुगण्यात जोर घालवेल आणि वेग थोडा कमी दाखवेल. म्हणजे तुमची मर्यादा थोडी खालीच बसेल. ती तिथेच राहू द्या. आणि दर बारानंतर पेपरक्लिप.