शब्दचर्चा : ‘नावे’ आणि ‘जमा’ मुलांना उलटे का वाटतात?

प्रश्न

मी अकरावीला पुस्तपालन शिकवते. दरवर्षी वर्ग एकाच जागी अडतो. फळ्यावर मी लिहिते, ‘रोख आली : रोख खाते नावे’ (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट). यंदा एका मुलीने आईचं पासबुक पुढे केलं. “मॅडम, आईने दोन हजार भरले. बँकेने ‘जमा’ लिहिलंय. तुम्ही तर आलेल्या पैशाला ‘नावे’ म्हणता. मग चुकतंय कोण?” नियम तिचे पाठ आहेत : घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा, येणारी संपत्ती नावे, जाणारी जमा, खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफे जमा. पण जमा म्हणजे पैसे आले, हे ती लहानपणापासून ऐकत आलीय, त्याचं काय करायचं? भाषेच्या अंगाने कोणी उलगडा करील का? “तसंच असतं, पाठ कर” हे उत्तर मला तिला द्यायचं नाही.

उत्तर

मॅडम, माझे वडील कोल्हापुरात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हे दोन शब्द मी शाळेच्या आधी दुकानात ऐकले, म्हणून तिथूनच सांगतो.

‘नावे’ हा शब्द एकटा उभा राहत नाही. तो नेहमी ‘कोणाच्या तरी नावे’ असतो. हंगामाआधी शेतकरी गुऱ्हाळाच्या खर्चासाठी उचल न्यायचा. समजा पन्नास हजार नेले. वडील वहीत ती रक्कम गणपतच्या नावे टाकायचे, म्हणजे एवढे गणपतकडून येणं आहे. पुढे गणपतचा गूळ यायचा. धरा तीस किलोचे ६० रवे (गुळाच्या ढेपा), म्हणजे १८ क्विंटल. सौद्यात क्विंटलला ४,००० दर निघाला तर ७२,००० झाले. हमाली, तोलाई वगैरे २,००० वजा जाऊन पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, ७०,००० ची. ही पट्टी गणपतच्या खात्यावर जमा, कारण देणारा तो. पन्नास नावे, सत्तर जमा, म्हणजे वीस हजार दुकानाने गणपतला द्यायचे. (आकडे समजण्यापुरते घेतलेत.) यात ‘नावे’ म्हणजे तोटा नाही आणि ‘जमा’ म्हणजे नफाही नाही. कोणाचं कोणाकडे काय आहे, एवढंच त्यात आहे.

त्या वहीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. लाल कापडी बांधणीची लांबट वही, छापील रेघा नाहीत. पानाला घड्या घालून रकाने पाडायचे : डावे जमेचे, उजवे नाव्याचे. तुमच्या पुस्तकात नावे डावीकडे असते, देशी नाम्यात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या हिशेब-पद्धतीत, उजवीकडे. घरातल्या कोणी जुनी वही दाखवली तर मुलं इथे आणखी गोंधळतात, तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. गणपतने पाचशे रुपये रोख आणून दिले की कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, डाव्या बाजूला ‘गणपतचे खाती जमा’ असं लिहीत. पैसे गल्ल्यात आले आणि शब्द ‘जमा’ पडला, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की रोख जमा झाली. पण जमा झालं ते गणपतच्या खात्याला. रोकडीचं वेगळं खातं तिथे काढतच नसत, कीर्द हीच रोकडीची वही. तुमच्या पद्धतीत रोख खातं वेगळं उघडतात, तेव्हा त्याला येणाऱ्या संपत्तीचा नियम लागतो आणि ते नावे पडतं. गणपत दोन्हीकडे जमाच आहे.

उत्तर

मी बँकेतून निवृत्त झाले. त्या मुलीच्या पासबुकाचं सांगते. पासबुक आईच्या हातात असलं तरी ती बँकेच्या खातेवहीची नक्कल आहे. बँकेच्या बाजूने पाहा : देणारी आई, म्हणून आईचं खातं जमा, आलेली रोख बँकेच्या रोख खात्याला नावे. आता आईने घरी स्वतःची वही ठेवली तर तिच्याकडे घेणारी बँक, म्हणून बँक खातं नावे, आणि हातातून गेलेली रोख जमा. दोन हजार तेच, वह्या दोन. नोंद वाचायच्या आधी ‘ही वही कोणाची?’ हे मुलीला विचारायला लावा. काउंटरवर बसून मी अनेकांना हेच सांगत आले.

मुलांचा कल चुकीकडे जातो त्याला आपली मराठीही कारण आहे. ‘जमेची बाजू’ म्हणजे चांगली बाजू. ‘त्याला जमेस धरू नका’ म्हणजे मोजू नका. ‘जमा’ मूळ अरबी, गोळा होणे, एकत्र येणे. ‘जमाव’ त्याच घरचा. आणि ‘नावे’ तर दोन तोंडांनी बोलतं : ‘घर आईच्या नावे आहे’ यात मालकी, ‘आईच्या नावे टाक’ यात उधारी. मुलं पहिला अर्थ घरून घेऊन येतात, दुसरा वर्गात भेटतो. हे दोन्ही प्रयोग फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहा. इंग्रजीतला डेबिटही लॅटिनमधल्या ‘देणे लागतो’ अशा अर्थाच्या शब्दातून आला. इटलीतल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंद (प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे, दुसऱ्याला जमा) लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापून प्रसिद्ध केली, तिथेही हिशेब माणसाच्या देण्याघेण्याचाच.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. ऋणको (ज्याने द्यायचं तो) आणि धनको (ज्याला द्यायचं तो) हे शब्द मुलांना परके वाटतात, म्हणून मी ‘देणेकरी’ म्हणून पाहिलं. अर्ध्या वर्गाने ‘ज्याला द्यायचं तो’ असा अर्थ घेतला, अर्ध्याने ‘ज्याने द्यायचं तो’.

उत्तर

दोन्ही अर्धे बरोबर आहेत, मॅडम. ‘देणेकऱ्यांचा तगादा’ म्हणतो तेव्हा ते पैसे मागायला आलेले असतात. पण आमच्या अडत दुकानात ज्याने द्यायचे आहेत त्यालाही देणेकरी म्हणायचे. बोलताना प्रसंगावरून कळतं, ताळेबंदात कळत नाही. तिथे ऋणको-धनकोच ठेवा. ओळख करून देताना मात्र ‘गणपतकडून येणं’ आणि ‘गणपतचं देणं’ असं बोला.

प्रश्नकर्ती

आज पासबुक पुन्हा काढलं. मुलीने वहीच्या एका पानावर ‘बँकेची वही’ आणि समोरच्या पानावर ‘आईची वही’ असं लिहून दोन्हीकडे दोन हजारांची नोंद केली. मग स्वतःच विचारलं, “मॅडम, बँकेने आईला व्याज दिलं तर?” तिला उद्या ती नोंद करून आणायला सांगितलीय.