प्रतिसाद: श्रद्धा आहेच, पण चार्जेसचं काय?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की इस्लामिक बँकेचं, म्हणजे धर्माच्या नियमाप्रमाणे व्याज न घेणाऱ्या-देणाऱ्या बँकेचं, ॲप लोक श्रद्धेपोटी वापरतात. मला नाही पटत. श्रद्धेपोटी माणूस खातं उघडेल, पण रोज ॲप उघडायचं की नाही हे शेवटी पैशावरच ठरतं, म्हणजे ट्रान्सफरला चार्ज किती, डेटाचा खर्च किती, शाखेत जायचं भाडं आणि अर्धा दिवस वाचतो का.

आणि इथे एक वेगळी गोष्ट आहे बघा, व्याज नसल्यामुळे मुदारबा खात्यावर, म्हणजे ठेवीदाराचे पैसे बँक धंद्यात गुंतवते त्या खात्यावर, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो, रक्कम आधी कबूल करता येत नाही, मग यावेळी किती जमा झाला हे ॲपवर लगेच दिसणं ठेवीदाराला फार मोलाचं वाटतं. मुराबहाचंही तसंच, त्यात बँक कर्ज देण्याऐवजी वस्तू घेऊन नफा धरून तुम्हाला हप्त्यांवर विकते, किंमत सुरुवातीलाच पक्की, त्यामुळे स्क्रीनवर मूळ किंमत, नफा आणि उरलेले हप्ते वेगवेगळे दिसलेच पाहिजेत. हप्ता चुकल्यावरचा दंडही साधारणपणे बँकेला उत्पन्न म्हणून ठेवता येत नाही, दानाला द्यावा लागतो, पण ग्राहकाच्या खिशातून तो जातोच ना! म्हणून मला वाटतं हप्त्याची आठवण वेळेवर देणारं ॲप कमी पगाराच्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.