मदत हवी: पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत

दर्यावर्दी: मंडळी, पेटीच्या दोन पट्ट्या अडकतात, सूर चालूच राहतो. परवा श्रावणी सोमवारचं भजन आहे. काय करू? जरा लवकर सांगा.

भातेवाला: कुठल्या पट्ट्या? साधी पेटी की स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी)? राहता कुठे?

दर्यावर्दी: साधीच. मधल्या सप्तकातल्या, शेजारशेजारच्या दोन पांढऱ्या. उन्हाळ्यात काही त्रास नव्हता.

मामा_डोंबिवली: हेअर ड्रायर मारा. आम्ही दर पावसाळ्यात तेच करतो.

भातेवाला: मामा, असले सल्ले नका देऊ. वरचं लाकूड एकदम सुकतं, आतलं दमटच राहतं आणि चीर जाते. सरसाचे सांधे असतील तर तेही सुटतात.

मामा_डोंबिवली: आमची पेटी वडिलांच्या वेळची. एक चीर दाखवा, पेटी तुमची.

कोमलरिषभ: मुळात पेटी हवीच कशाला? आकाशवाणीने १९४० ते १९७१ उगाच नव्हती बंदी घातली. तानपुरा घ्या.

मामा_डोंबिवली: तानपुरा काय पावसात सुका राहतो? शेजाऱ्यांनी मिरजेहून आणलाय. जुलैत खुंट्या हलत नाहीत.

कोमलरिषभ: खडू लावायचा की.

भातेवाला: खडू सरकणाऱ्या खुंटीला लावतात हो, फुगलेल्या नाही. दर्यावर्दी, गाव?

दर्यावर्दी: रत्नागिरी. पेटी समुद्राकडच्या भिंतीला टेकून, खाली फरशीवर. ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवतो.

भातेवाला: मग बरोबर! दमट हवा आत कोंडते. आधी प्लास्टिक काढा, पेटी भिंतीपासून लांब, टेबलावर ठेवा.

आता भाता न मारता पट्टी दाबून सोडा. खालीच राहिली तर लाकूड फुगून शेजारणीला घासतंय, नाहीतर स्प्रिंग गंजलीय. पट्टी वर आली पण भाता मारल्यावर सूर चालूच राहिला, तर मागच्या टोकाखालचं चामडं भोकावर नीट बसत नाही. तिथे बहुतेक कचरा असतो.

दर्यावर्दी: खालीच राहते. दोन्हींच्या मध्ये पोस्टकार्डसुद्धा जात नाही. पॉलिश पेपरने घासू?

भातेवाला: आत्ता नको. लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. आज घासलंत तर डिसेंबरात फट पडेल आणि पट्टी डुगडुगेल. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून पेटी बंद ठेवा. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आली तरी पुरे. पण परवापर्यंत सुटेल असं नाही, दुसरी पेटी सांगून ठेवा.

मामा_डोंबिवली: सिलिका कशाला? तांदळाची पुरचुंडी ठेवा.

भातेवाला: हो, म्हणजे पोरकिडे भात्यात.

तालवेडा: माझा तबला पावसात उतरतो, गठ्ठे ठोकून ठोकून हात दुखले. इथेच विचारू की नवा धागा काढू?

दर्यावर्दी: नवा काढा हो! भातेवाला, पुड्या निळ्या होत्या त्या आजच गुलाबी झाल्या. फेकू?

भातेवाला: फेकू नका. ओल प्यायल्यात. ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवा, परत निळ्या होतील. ज्या भांड्यात तापवाल ते स्वयंपाकाला वापरू नका.