चूक कळते, पण टोचत नाही

भाऊ, थ्रिलवाल्या पोरांना आपली चूक कळतच नाही असं तुम्ही वर म्हणालात, ते मला अर्धंच पटलं. आमचा भाचा दर पावसाळ्यात जळगावहून तोरणमाळच्या घाटात बाईक घेऊन जातो, मागच्या वर्षी वळणावर घसरला, गुडघा फोडून आला आणि रात्री शेवभाजी हाणता हाणता स्वतःच सांगत होता की ब्रेक कुठं चुकीचा दाबला, म्हणजे कळलं सगळं, पण पुढच्या रविवारी गडी परत तिथंच!

मेंदूचं असंय की चूक झाल्यावर साधारण ५० ते १०० मिलिसेकंदात ईईजीवर, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज टिपतात त्या तपासणीत, एक निगेटिव्ह लहर दिसते, तिला ईआरएन (एरर-रिलेटेड निगेटिव्हिटी) म्हणतात, आणि ती मुख्यतः अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या मेंदूच्या पुढच्या बाजूच्या आतल्या भागातून येते असं मानतात. ती मोजायची टेस्ट एकदम साधी, स्क्रीनवर बाणांची रांग, मधला बाण कुठं तोंड करून आहे ते बघून फटकन बटण दाबायचं. काळजीखोर लोकांत ही लहर सरासरीनं मोठी येते, उतावळ्यांत लहान. पण चूक ‘जाणवण्याशी’ जास्त संबंध तिच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या, पॉझिटिव्ह लहरीचा, तिला पीई म्हणतात.

आणि थ्रिल म्हणजे उतावळेपणाच असं पण नाही ना. मार्विन झुकरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये थ्रिलची हौस मोजायची जी स्केल, म्हणजे प्रश्नावली, काढली तिच्यात पुढं चार वेगळे भाग झाले, साहसाची हौस वेगळी, बेलगामपणा वेगळा, सगळ्यांना एकाच टोपल्यात कसं टाकणार?

माझी लहर मात्र मोठीच निघेल, गॅस बंद केला का बघायला मी दोनदा घरी फिरतो.