मदत हवी आहे: किनाऱ्याकडचं पाणी आत दुष्काळी शेतीपर्यंत नेण्याचं गणित

कोरडवाहू:

नमस्कार मंडळी,

पावसाने ओढ दिली की एक वाद हमखास पेटतो. एकजण म्हणतो, "एवढं पाणी समुद्राला जातं, ते उचलून आत आणा, दुष्काळ संपला." दुसरा म्हणतो, "वीजबिलातच शेतकरी बुडेल." आकडे दोघांकडेही नसतात. आमच्या अभ्यासगटाची पुढची चर्चा याच विषयावर आहे आणि टिपण काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जाणकारांनी जरा तपासून द्यावं.

मी धरलेलं गृहीत असं: नदीच्या खालच्या अंगाला पाणी अडवायचं, मधली डोंगररांग 500 मीटर उंच, आणि पलीकडे 300 किलोमीटरवर शेती. एक घनमीटर पाणी 500 मीटर चढवायला नुसत्या हिशेबाने 1.36 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 75 टक्के धरली तर साधारण 1.8 युनिट. एका हेक्टरला हंगामात 50 सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हणजे 5,000 घनमीटर, म्हणजे हेक्टरी 9,000 युनिट. एक लाख हेक्टरला 50 कोटी घनमीटर, साधारण साडेसतरा टीएमसी (अब्ज घनफूट).

अडतंय ते इथे. पाइपमधल्या घर्षणासाठी किती जादा धरायचं? एवढं पाणी पुराच्या चार महिन्यांत उचलून होईल का? आणि निव्वळ शेतीसाठी इतक्या लांबून, इतकं वर पाणी नेलं आणि ते शेतकऱ्याला परवडलं, असं एखादं उदाहरण आहे का?

समुद्राचं पाणी गोडं करून न्या असं कृपया सुचवू नका. तिथे उचलण्याआधीच घनमीटरला 3 ते 4 युनिट जातात.

हेडमीटर:

50 कोटी घनमीटर 120 दिवसांत म्हणजे सेकंदाला 48 घनमीटर, रात्रंदिवस, एक दिवसही पंप बंद न ठेवता. 3 मीटर व्यासाच्या पाइपातून सेकंदाला 2 मीटर वेगाने पाणी नेलं तर एका पाइपातून 14 घनमीटर जातं. म्हणजे असे चार पाइप, शेजारी शेजारी. या वेगाला घर्षणात दर किलोमीटरला साधारण पाऊण मीटर हेड खर्च होतं, म्हणजे पाणी तेवढं जादा उंच चढवल्याइतकी वीज लागते. सगळी वाट पाइपातून नेली तर 300 किलोमीटरचे सव्वादोनशे मीटर वाढले. तुमचे 1.8 युनिट 2.6 वर जातात. हेक्टरी 13,000 युनिट, आणि नुसत्या पंपांसाठी साडेचारशे मेगावॉट. डोंगर ओलांडल्यावर उतार मिळाला तर उघडा कालवा काढा, घर्षण वाचेल. मग गळती आणि बाष्पीभवन मोजा. कच्च्या कालव्यात शेतापर्यंत पोचेतो निम्मं पाणीसुद्धा मुरतं.

भरतीओहोटी:

नद्या जोडा, प्रश्न मिटला. +१

काठावरचा:

वरच्या प्रतिसादातल्या 48 घनमीटरकडे नीट बघा. चांगल्या मोठ्या नदीला पूर येतो तेव्हा सेकंदाला पाच-पाच हजार घनमीटर पाणी धावतं, आणि तेही मोजके दिवस. तुमचे चारही पाइप मिळून त्यातला जेमतेम शंभरावा हिस्सा उचलतात. पूर ओसरला की नदीत उरतं ते खालच्या गावांचं, मासेमारीचं आणि खाडीचं पाणी. म्हणून "वाया जाणारं पाणी" उचलायचं तर उचलण्याआधी खाली मोठं धरण बांधावं लागतं. लोक बोलतात पाइपवर, पैसा आणि जमीन जाते साठ्यात.

नकाशावाला:

उदाहरणं देतो. ऑस्ट्रेलियात ब्रॅडफिल्ड यांनी (सिडनीच्या हार्बर ब्रिजवाले) 1938 मध्ये क्वीन्सलँडच्या किनारी नद्यांचं पाणी डोंगरापलीकडे कोरड्या भागात नेण्याची योजना मांडली. ती आजवर झालेली नाही. नंतरच्या तपासणीत नद्यांमधलं पाणीच त्यांनी जास्त धरल्याचं दिसलं. त्याच देशात कालगुर्लीची पाइपलाइन मात्र 1903 पासून चालू आहे. 530 किलोमीटर, सुरुवातीला आठ पंपिंग स्टेशनं आणि रोज सुमारे 2 कोटी 27 लाख लिटर. पण ती सोन्याच्या खाणी आणि गावांसाठी होती. तेवढ्या पाण्यात तुमच्या हिशेबाने वर्षाला जेमतेम साडेसोळाशे हेक्टर भिजेल!

शेतीचं उदाहरण हवं तर ॲरिझोना बघा. कोलोरॅडो नदीचं पाणी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आणि 880 मीटर वर चढवून नेलं. शेतकऱ्यांना ते भूजलापेक्षा महाग पडू लागलं, मग दरात सवलत द्यावी लागली. त्या बदल्यात टंचाईत आधी पाणी मिळण्याचा हक्क गेला. 2021 मध्ये नदीवर टंचाई जाहीर झाली, आणि 2022 ची पहिली मोठी कपात त्यांच्याच वाट्याला आली. पाणी देणारं खोरंही त्याच दुष्काळात होरपळत होतं. तेव्हा कोरडवाहूसाहेब, दोन्ही खोऱ्यांत एकाच वर्षी पाऊस हुकतो का, हे टिपणात सगळ्यात वर घ्या.

टेलवाली:

दादा, तुम्ही पूर्ण हंगामाचं पाणी धरताय, मला तेच खटकतंय. आमची जमीन कालव्याच्या टेलला, शेवटच्या टोकाला. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, लोकांनी बारमाही पीक लावलं की आमच्या चारीला ओलसुद्धा येत नाही. लांबून आणलेलं महागडं पाणी असंच पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये जिरणार. आणि खूप पाणी दिलं म्हणून भलंच होतं असं नाही. लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी हेक्टरी 5,000 घनमीटर दिलं तर वर्षाला अडीच टन क्षार रानात येतात. निचरा नसेल तर जमीन क्षारपड होते.

त्यापेक्षा संरक्षित पाण्याचा हिशेब करा. पीक फुलोऱ्यात किंवा दाणा भरताना पावसाचा खंड पडला की एकच पाळी, 6 सेंटिमीटर. पीक हातचं जात नाही.

कोरडवाहू:

ताई, सगळा धागा एका जागी आणलात. 6 सेंटिमीटर म्हणजे हेक्टरी 600 घनमीटर, 2.6 ने साधारण 1,560 युनिट. साडेसतरा टीएमसीत लाखाऐवजी आठ लाख हेक्टरांना एक पाळी. पण पाणी येणार पुराच्या दिवसांत आणि खंड पडणार नंतर, तोवर ठेवायचं कुठे?

टेलवाली:

शेताच्या जवळ, अस्तर केलेल्या तळ्यात. खोल आणि अरुंद ठेवा. उघड्या पाण्यातून उन्हात रोज 5-6 मिलिमीटर उडतं, दोन महिन्यांत फूटभर. उथळ तळ्यात निम्मं असंच जाईल. तळी भरायची ती टेलकडून सुरू करायची, आणि पाणी एकरावर न देता घनमीटरने मोजून द्यायचं. एवढं एक कलम टिपणात घाला, बाकी उंचीचं आणि पाइपाचं गणित इंजिनिअर लोक बघतील.