उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या भिंती: "इतिहास पुसू नका" म्हणणाऱ्यांना

लगानकाठी
परवा इथे एकाने सहलीचे फोटो टाकून लिहिलं, "बेलफास्टमधली बंदूकधाऱ्यांची भित्तिचित्रं म्हणजे उघड्यावरचं संग्रहालय. ती बदलायला सरकारने पैसे देणं म्हणजे इतिहास पुसणं." अहो, काळ्या टॅक्सीतून दीड तास ब्रिटननिष्ठांचं शँकिल आणि आयर्लंडवाद्यांचं फॉल्स पाहिलंत, भिंतीवर सही ठोकलीत आणि जेवायला गेलात. मी सहा वर्षं पूर्व बेलफास्टात राहतो. खिडकीसमोरच्या दिव्याच्या खांबावर दर जूनला यूव्हीएफ या ब्रिटननिष्ठ सशस्त्र संघटनेचा झेंडा चढतो. संघटनेवर बंदी, खांब सरकारी. तक्रार केली तर एका कचेरीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने पहिलीकडे. शेवटी म्हणाले, "तुमचं नाव सांगा." मी फोन ठेवला. शेजारच्या आजी म्हणाल्या, पाऊसच उतरवेल त्याला. फेब्रुवारीपर्यंत चिंध्या झाल्या, गळल्याही. प्लास्टिकचे पट्टे मात्र खांबाला तसेच. पुढच्या जूनला त्यांच्याच वर नवे.
माझं म्हणणं एवढंच की सरकारी खांबावरचं सरकारने उतरवावं, कोणाचं नाव न विचारता. भिंतींचं मग बघू.

भटकभवानी
तो "एक" मीच, आणि मी बाई आहे. बॉबी सँड्सचं चित्र बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयआरए या आयर्लंडवादी सशस्त्र संघटनेचा कैदी, तुरुंगात 66 दिवस उपोषण करून 1981 साली गेलेला माणूस. तेही पुसायचं?

लगानकाठी
त्या चित्रात तो हसतोय ताई. मी तोंडावर रोखलेल्या बंदुकीच्या नळीबद्दल बोलतोय. शाळेत जाणारं पोर रोज तिच्यासमोरून जातं.

पेठेतला
एवढं काय! आमच्या चौकात या. भाऊंचा वाढदिवस, चौदा चेहऱ्यांचा फ्लेक्स, सिग्नल दिसत नाही. तक्रारीला नाव इथेही लागतंच.

सीमाभागी
फ्लेक्सचं कौतुक राहू द्या. बेळगावात महापालिकेसमोर डिसेंबर 2020 मध्ये लाल-पिवळा कन्नड झेंडा रोवला. झेंड्याचं दुखणं आम्हाला शिकवू नका.

पेठेतला
भगवा रोवला असता तर काढा म्हणाला असतात?

सीमाभागी
पेठेत बसून सीमाभागावर बोलायला काय जातं! आमच्या घरात लाठ्या खाल्लेली माणसं आहेत.

लगानकाठी
धागा कुठे नेताय? फ्लेक्सवरच्या भाऊंमुळे तुम्हाला दारावर कागद चिकटवावा लागलाय का? जून 2025 च्या स्थलांतरितांविरुद्धच्या दंगलीत इथल्या बॅलिमेना गावात लोकांनी "इथे फिलिपिनो राहतात" असे कागद लावले. कोणी ब्रिटिश झेंडे लावले, घर वाचावं म्हणून.

पेठेतला
लागलाय. मामांनी दुकानावर आलेला फ्लेक्स काढला. दुसऱ्या दिवशी चार पोरं आली, बोलली काहीच नाहीत, नुसती उभी राहिली. मामांनी स्वतःच शिडी लावून तो परत टांगला.

लगानकाठी
बरं. मामांचं पटलं. सिग्नलचं नाही.

डेरीवाली
उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरात नर्स आहे, म्हणून लिहिते. डिसेंबर 2012 मध्ये बेलफास्टच्या सिटी हॉलवरचा ब्रिटिश झेंडा रोजच्याऐवजी ठरावीक 18 दिवस लावायचा ठराव झाला. रीतसर मतदान होऊन! तरी ब्रिटननिष्ठांनी महिनोन्‌महिने रस्ते अडवले. तुम्ही एक उतरवाल, दहा चढतील. 2016 साली झेंड्यांसाठी आयोग बसवला, अहवाल 2021 च्या डिसेंबरात, आठ लाख पौंडांच्या वर खर्च आणि अंमलबजावणीवर एकमत नाही. त्यापेक्षा कला परिषदेची 2006 ची योजना बरी होती. रहिवाशांना बसवून, बोलून चित्रं बदलायची.

लगानकाठी
रहिवासी म्हणजे कोण? खुर्च्या मांडणारे ते झेंडेवालेच, परवानगी देणारे तेच. बंदूक पुसायची आणि रंगाचं बिल त्यांच्याच ओळखीच्या मंडळाला. छान धंदा.

डेरीवाली
असेलही. पण बंदूक गेली ना भिंतीवरून? तुमच्या खांबावरून काय गेलं? आणि तुम्ही गेलात का कधी अशा बैठकीला?

लगानकाठी
एकदा दारापर्यंत गेलो होतो. वहीत नाव लिहायचं होतं.

सीमाभागी
ते ठीक. आमच्या महापालिकेसमोरच्या झेंड्याचं काय?