न्यूमोनिया म्हटलं की भरती आणि सलाईनच का?

रामबागवाला: आईच्या एक्स-रेत पॅच निघाला. वय ६१, ताप १०२. पण शुद्ध स्वच्छ, श्वास मिनिटाला २०, रक्तदाब ठीक, युरिया नॉर्मल. तरी अख्खं घर ‘भरती करा, सलाईन लावा’ म्हणत होतं. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. पाच दिवसांत ताप गेला. गोंधळलेपण, रक्तात वाढलेला युरिया, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, रक्तदाब खाली, वय ६५ किंवा जास्त, हे पाच मुद्दे बघून, प्रत्येकाला एक गुण धरून, भरतीचं ठरवावं. आपल्या इंदूरकडे बाटली चढल्याशिवाय इलाज झाला असं कुणाला वाटतच नाही.

सुदामानगरच्या काकू: भाऊ, तुमच्या पाच मुद्द्यांत ऑक्सिजन कुठे आहे? शुगर कुठे आहे? आमच्या ह्यांचं वय ५८, जुनी शुगर. त्या हिशोबात एकही गुण नव्हता. घरीच गोळ्या सुरू होत्या. तिसऱ्या रात्री बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८८! अकरा वाजता गाडी काढली. लोक असं वाचून घरी बसतात, म्हणून मला हे पटत नाही.

लोकमान्यनगर: दोघंही जंतूबद्दल बोलत नाही आहात. माझ्या पुतण्याला मायकोप्लाझ्मा होता. अमॉक्सिसिलिन जंतूची भिंत तोडतं, आणि ह्या जंतूला भिंतच नसते. अ‍ॅझिथ्रोमायसिनने बरा झाला. फ्लूमुळे झाला असेल तर ओसेलटामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध, तेही पहिल्या ४८ तासांत दिलेलं चांगलं. मग सुरुवातीलाच सगळं एकदम का देऊ नये?

रामबागवाला: नको! मेडिकलवाल्याकडून लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेऊन आठवडाभर बरं वाटतं, आणि खाली टीबी असतो तो दबून राहतो. निदान लांबतं. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

काकू, ऑक्सिजनचं तुमचं खरं आहे. आईचा ९६ होता आणि तिला शुगर नाही, हे मी वरच लिहायला हवं होतं. पण ज्याचा ऑक्सिजन चांगला आहे, जो गोळी गिळू शकतो, त्याला सुई कशाला?

सुदामानगरच्या काकू: रात्री मशीन बघायला घरात कुणी जागं असेल तर. आमच्याकडे दोघंच असतो, मुलं पुण्याला.